सागवानी बूच

गुणाजीनं आपल्या जावयाशी लग्नापासून अवाक्षर काढलेलं नव्हतं. भांडणसुद्धा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात निदान चार शब्द इकडचे तिकडे होतात. पण जावई सुमित अंगणात आला की हा माणूस नुसता उठायचा, पंचा खांद्यावर टाकायचा आणि घरामागे खाडीकडे तोंड करून बसायचा. दोन वर्षं हेच चाललेलं. कंटाळा कसा येत नाही माणसाला, देव जाणे!

कारण अख्ख्या कोलशेत कोळीवाड्याला ठाऊक होतं. दक्षता ही गुणाजीची एकुलती एक लेक. ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. त्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद पडायची आणि कंपनीकडून ती दुरुस्त करायला सुमित यायचा. पुढे पुढे तो लिफ्ट धडधाकट असतानाही यायला लागला. पोरगा मूळचा शहाडचा, आता टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये आईबरोबर राहणारा. कमावता, निर्व्यसनी, आईला मान देणारा. आणखी काय हवं असतं? पण घर बौद्ध, आणि गुणाजीला तेवढंच दिसलं. समाजात काय तोंड दाखवू, म्हणाला, आणि तोंडाला कुलूप लावून बसला. लग्नाला त्याची बायको मनुबाई एकटीच आली. 'माझ्या पोरीचं लगीन हाय, मी नाचनार,' म्हणाली आणि घामाघूम होईस्तोवर नाचून गेली.

आता दक्षताला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि त्यासाठी बापानं लेकीच्या सासरी येऊन, रीतसर विचारून तिला न्यायचं, ही रीत. मनुबाई फोनवर म्हणायची, मीच येते न्यायला. पण दक्षता बापाचीच लेक, हट्टाला पक्की. "बाबा आले तर जाईन, नाहीतर इथेच बरी आहे मी, आईंजवळ." आई म्हणजे तिची सासू, भीमाबाई. भीमाबाई म्हणायची, "नाही आले तर राहिले. मी काय मेलेय?" पण सुनेच्या सुजलेल्या पायांना तेल चोळताना तिलाही दिसायचं, की दाराची बेल वाजली की पोरगी मान वर करते.

सुमितला ते बघवायचं नाही. सासऱ्यानं एकदा आपल्या बिल्डिंगचा जिना चढावा, एवढंच त्याला हवं होतं. मानपान नको, काही नको. पण ते काय त्याच्या हातात होतं थोडंच!

डॉक्टरांनी दक्षताला मोटरसायकलवर बसायची बंदी केल्यापासून दर रविवारी सुमित एकटाच कोलशेतला जायचा. मनुबाई लेकीसाठी डबा भरून ठेवायची. कधी बोईट, कधी कोळंबी, कधी निवट्यांचं कालवण. "उरलेला हाय, घेऊन जा," असं म्हणायची. उरलेलं कसलं डोंबलाचं! खाडीत आजकाल मासा लागतो किती आणि उरतो किती? गुणाजी लेकीसाठीच जाळं टाकत होता, हे सुमितला कळायचं. पण ज्याच्याशी बोलायची सोय नाही, त्याचे आभार मानणार कसे?

आणि त्याची ती मोटरसायकल. जुनी, सेकंडहँड घेतलेली, पण इमानी. तिला तेल गळायचं. फार नाही, तासभर उभी केली की खाली टिकलीएवढा डाग पडायचा. सुमित म्हणायचा, बघू कधीतरी. पण मनुबाईच्या अंगणात जवळा वाळत घातलेला असायचा आणि एका रविवारी ती टिकली नेमकी तिथे पडली. मनुबाईनं असा काही आवाज चढवला, की शेजारणी बाहेर आल्या. पुढच्या रविवारी गाडी लावून सुमित जेवायला आत गेला आणि परत आला, तर इंजिनाखाली कुणीतरी पत्र्याचा जुना डबा सरकवून ठेवलेला. मनुबाईनं ठेवला असेल, असं धरून तो निघून आला.

त्यानंतर मात्र गाडीचं डोकंच फिरलं. टिकलीचा डाग बशीएवढा झाला. आधी तेल खालून यायचं, ते बाजूच्या कव्हरमधून यायला लागलं. शहाडच्या केदारच्या गॅरेजमध्ये कव्हरचं पॅकिंग बदलून घेतलं, तर आठवड्यात वरच्या हेडमधून पाझरायला लागलं. पँट खराब, बूट खराब, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरीची रोजची कटकट. केदारनं हात वर केले. "इंजिन म्हातारं झालंय रे, सगळे सांधे गेलेत. इंजिन खोलावं लागेल, नाहीतर विकून मोकळा हो."

विकायची तर रविवारी कोलशेतला जायचं कशावरून? सुमित हट्टाला पेटला. शनिवारी सुट्टी होती, त्यानं पार्किंगमध्ये बैठक मांडली. इंजिन डिझेलनं घासून घासून धुतलं, कापडानं कोरडं केलं. वर घरी उकडतंय म्हणून दक्षता खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. तिच्यासमोर त्यानं खिशातून घामोळ्यांच्या पावडरचा डबा काढला आणि इंजिनावर सगळीकडे भुरभुरवला.

"अरे, माझी पावडर! इंजिनाला घामोळं आलंय का?"

"थांब गं. आता चालू केलं की पावडर जिथे भिजेल, तिथून गळतंय. चोर पकडायचाय."

चोर एक असता तर पकडला असता! इंजिन जरा तापलं आणि पावडर एकदम चार ठिकाणी काळी झाली. सुमित उकिडवा बसून बघतच राहिला. चार ठिकाणची पॅकिंगं एकाच महिन्यात जातील कशी? आतून काहीतरी ढकलतंय. इंजिनाच्या आत दाब कोंडतो, तो बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते. या जुन्या गाडीत ती इंजिनामागून खाली, मोकळीच लोंबत असते. त्यानं हात घालून ती चाचपली. टोकाला काहीतरी टणक लागलं. टॉर्च मारला.

नळीच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलेलं होतं. हे एवढंसं, सागवानाचं, तासून तासून गोल केलेलं. भोवती कापूस ठासलेला, त्यावर राळ चोपडलेली आणि वरून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं आवळून बांधलेलं. इतकं पक्कं काम, की इंजिनाचे सगळे सांधे हरले, पण बूच तसूभर हललं नाही. सुमितनं पकडीनं धरून, घाम गाळून ते उपटलं, तशी नळीतून फुस्सकन हवा सुटली.

"हे बघ काय! कुणी मस्करी केली, का दुश्मनी काढली?"

दक्षतानं बूच हातात घेतलं. दोऱ्याची गाठ बघितली आणि तिचा चेहराच बदलला. "सुमित, ही बाबांची गाठ आहे. लहानपणी दोऱ्याचं दुसरं टोक मीच धरायची."

तिनं तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. मनुबाईनं आधी कानावर हात ठेवले. मग दक्षता रडायला लागली म्हटल्यावर भडाभडा सांगून टाकलं. "अगं, सुमित जेवाया बसला का तुजा बाबा गारीखाली! डबा त्यानीच ठेवलेला. मंग बोलला, नलीतशी तेल गलतंय. होडीला मारतात तसा बूच केलान, दोन रात्री तासत बसलेला. दर आयतवारी बूच चाचपून बघतो, हाय का निगाला. तेल दिसला तर बोलतो, आदीचा साचलेला गलतंय. मना बोलला, पोरांना बोलशील तर बघ."

आता होडीचा कोळी तो, त्याचंही बरोबरच होतं. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वर राळ लावायची, जन्मभर तेच केलेलं. फट दिसली की बुजवायची. नळीच्या टोकाला तेलाचा थेंब दिसला, म्हणजे हीच ती फट, असं समजून त्यानं इंजिनाचा श्वासच कोंडून टाकला. आणि तेल खरं तर वरच्या गिअरच्या दांड्यापासून ओघळत यायचं. पण गळक्या होडीतून आपलं माणूस खाडीत जाऊ द्यायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आणि आपलं माणूस म्हणजे कोण? दक्षता तर महिनोन्‌महिने त्या गाडीवर बसलीच नव्हती. दर रविवारी त्या गाडीवर एकटा सुमितच होता. हे ध्यानात आलं, तसं सुमितनं ते बूच पुसून जपून खिशात ठेवलं.

वरून गॅलरीतून भीमाबाईनं विचारलं, काय झालं. तिला सगळं सांगितलं, तर ती कठड्याला टेकून पोट धरून हसली. "बाई बाई! स्वतःचं तोंड बंद केलं ते केलं, गाडीचंही केलं!" मग डोळे पुसून म्हणाली, "माणूस वाईट नाही रे तो."

दक्षतानं मात्र सुमितला बजावलं. "उद्या गेलास की सांग, गळायचं थांबलं. त्यांच्यामुळे गाडी बिघडली असं कळलं ना, तर ते शरमेनं आयुष्यात तुझ्यासमोर यायचे नाहीत. माझ्यासाठी एवढं खोटं बोल." सुमितनं मान डोलावली. बायको सातव्या महिन्यात असताना आणखी काय डोलावणार?

रविवारी त्यानं अंगणात गाडी लावली. नेहमीप्रमाणे गुणाजी उठला, पंचा टाकला, निघाला.

"बाबा."

गुणाजी थबकला. ही हाक त्याला सुमितनं कधी मारलीच नव्हती. दारात मनुबाई हातात डाव घेऊन उभी राहिली.

"नळीतलं बूच सापडलं मला. थँक्यू म्हणायला आलोय."

गुणाजी पाठमोराच. मग खाडीकडे बघतच त्यानं जावयाशी पहिले शब्द काढले. "गलायचा थांबला का?"

आता बघा, काय अवघड जागा! हो म्हणायचं, की काम फत्ते. बायकोनं तेच पढवून पाठवलेलं. सुमितनं तोंड उघडलं, आणि त्याला वाटलं, दोन वर्षांनी हा माणूस एक प्रश्न विचारतोय, त्याला थाप कशी मारू? याच्या होडीबद्दल कुणी याला थाप मारली, तर हा काय करेल?

"नाही बाबा. वाढलं."

मनुबाईनं कपाळाला हात लावला. गुणाजी गर्रकन वळला. डोळे लाल. "जास्तीच गलाया लागला? मंग थँक्यू कशाचा रं?"

"तुम्ही माझ्या गाडीखाली आडवे पडलात, त्याचा." सुमित गाडीवर हात टेकवून बोलत राहिला. "माझे वडील गेले तेव्हापासून माझ्या गाडीला काय झालंय, हे मी न सांगता कुणी वाकून बघितलं नव्हतं. तुम्ही दर रविवारी बघत होतात. गाडीचं जाऊ द्या हो, ती होईल नीट. मला काल रात्रभर बरं वाटत होतं, खरंच सांगतो."

गुणाजीनं त्याच्याकडे टक लावून बघितलं. त्याच्या तोंडावर राग होता, शरम होती आणि काय काय होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी तो गाडीजवळ येऊन उकिडवा बसला. "दाव. काय चुकला तो दाव."

सुमितनं गाडी चालू केली. गुणाजीचा हात धरून तळवा नळीच्या टोकापाशी नेला. धप धप हवा लागली, तसा गुणाजीनं हात मागे घेतला आणि परत पुढे केला. "होडीत पाणी बाहेरून आत घुसतं," सुमित म्हणाला, "म्हणून फट बुजवायची. इथे उलटं आहे. आतली हवा बाहेर जायला ही वाट मुद्दाम ठेवलेली. ती बंद झाली की हवा मिळेल तिथून तेल ढकलते."

"म्हंजे मी हिचा नाक दाबला," गुणाजी म्हणाला. मग हळूच, "आनि परथम गलायचा तो?"

"ते गिअरच्या दांड्याचं रबरी सील. कडक झालंय. बाकीचं बूच काढल्यावर थांबलं, एवढंच उरलंय. नवीन आणलंय मी."

"मंग बसलास काय? लाव."

पेट्रोलचा नळ बंद करून गाडी उजव्या अंगावर कलती केली, म्हणजे डावीकडून तेल सांडायचं नाही. गुणाजीनं ती खांद्यावर पेलून धरली. सुमितनं गिअरचा लिव्हर काढला, जुनं सील उचकटून काढलं, खाच पुसली, नव्या सीलच्या आतल्या कडेला बोटानं तेल लावलं. आता ते सरळ आत बसवायचं, एका बाजूनं जास्त गेलं की वाया. त्यानं दोनदा ठोकायला घेतलं आणि दोनदा सील तिरकं झालं.

"सरक. तू धर गारी."

जागा बदलल्या. गुणाजीनं पाइपाचा एक बेताचा तुकडा शोधून आणला, सीलवर टेकवला आणि लाकडी हातोडीनं इकडून जरा, तिकडून जरा, चहूबाजूंनी सारखं ठोकत गेला. घाई नाही, जोर नाही. सील अंगचंच असल्यासारखं जाऊन बसलं. सुमितला वाटलं, हे हात दोन वर्षं आपल्यापासून एवढ्या अंतरावर होते आणि आपल्याला मिळत नव्हते.

मग इंजिन पुसून, जरा वेळ चालवून बंद केलं आणि खाली पांढरा पुठ्ठा अंथरून दोघं ओट्यावर बसले. जेवणं तिथेच झाली, शेजारी शेजारी. दोघांची नजर पुठ्ठ्यावरून हलेना. मनुबाई भाकरी वाढायला आली आणि कावली. "काय बघताव दोगं त्या पुठ्ठ्याकरं? टीव्ही हाय का त्यो?"

पुठ्ठा कोराच राहिला. गुणाजीनं बोट फिरवून बघितलं, वास घेतला. आत गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. "चल."

"कुठे?"

"टिटवाल्याला. चालवल्याबिगर कसा कलंल, गलतंय का नाय ते?"

मनुबाईनं पदर तोंडात कोंबला आणि लगबगीनं डबा आणून दिला. गुणाजी गाडीला अडकवलेलं दक्षताचं हेल्मेट घालून मागे बसला. आधी त्यानं मागची दांडी धरली होती. भिवंडीच्या खड्ड्यांनी ती सोडायला लावली आणि हात सुमितच्या खांद्यावर आला. तो पुढे काढला नाही त्यानं. शहाडला पूल ओलांडल्यावर गाडी थांबवायला लावून खाली वाकून बघितलं. कोरडं ठणठणीत. "बरी हाय," एवढंच म्हणाला. सुमितला रस्ता नीट दिसेना, त्यानं काच पुसली, तरी दिसेना. मग कळलं, की काचेला काही झालेलं नाही.

दार भीमाबाईनं उघडलं. समोर कोण आहे, हे तिला सांगायला लागलं नाही. चौकटीत उभी राहून तिनं गुणाजीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सोडणार होती थोडीच! "या व्याही. कोलशेतहून टिटवाळ्याला दोन वर्षं लागली? आमची लोकल स्लो आहे, पण इतकी नाही हो!"

गुणाजीनं मान खाली घातली. "चुकला आमचा."

"चुकलं ते चुकलं. आत या."

आवाज ऐकून दक्षता भिंतीला धरत बाहेर आली. बापानं तिचं पोट बघितलं, मग सुजलेले पाय बघितले आणि पायांना लावलेलं तेलही बघितलं. भीमाबाईच्या हाताला तेच तेल होतं. गुणाजी खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच त्यानं भीमाबाईला हात जोडले. "विहीणबाय, मी नाय आलो, तरी तुमी माझे पोरीला सांभाललीत. कसे फेरू तुमचे उपकार?"

भीमाबाईनं हात पदराला पुसले, पुसलेले परत पुसले. "उपकार कसले? माझीच आहे ती," असं काहीतरी पुटपुटली. दक्षता बापाच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हुंदके देत होती. सुमित चपला न काढताच दारात उभा होता. आजवर त्यानं कुणाकुणाचे आभार मानले असतील, पण या घटकेला कुणाकुणाचे मानू, असं त्याला होऊन गेलं.

"लेकीला न्यायला आलोय," गुणाजी शेवटी म्हणाला. "तुमी हो बोललाव, तर बुधवारी मोठी गारी घेऊन येतो."

भीमाबाई सावरली. "न्या. पण माझी एक अट आहे. बाळ झालं की परत पोचवायला तुम्हीच यायचं. दुसऱ्या कुणाला पाठवलंत, तर दार उघडणार नाही."

"मीच येनार." गुणाजीनं दाराकडे बघितलं. "सुमित, चपल्या कार नि आत ये. तू पन चल बुधवारी. ठान्याला कामाला जातोस, तर रोज इथशी कशाला? दोगांना नेतो, तिगांना आनून पोचवतो."